शहर-तुलनेचा अहवाल आणि आमची खर्चाची वही : धायरी ते प्रतापनगर

माझ्या पतींच्या बदलीचा आदेश मे २०२३ मध्ये हातात पडला, तेव्हा पुण्यातले बिऱ्हाड हलवायला आमच्याकडे जेमतेम तीन आठवडे होते. नागपूर मी त्याआधी एका लग्नापुरते पाहिले होते, तेही डिसेंबरात, आणि डिसेंबरात नागपूर पाहिलेल्या माणसाच्या मताला काहीही किंमत नसते हे मला नंतर कळले. त्या घाईत मी ४९९ रुपये भरून एका संकेतस्थळाकडून दोन शहरांच्या तुलनेचा अहवाल विकत घेतला. दोन शहरांची नावे, कुटुंबातील माणसांची संख्या आणि सध्याचा मासिक खर्च एवढे भरून दिले की नव्या शहरात तेच राहणीमान राखायला किती पैसे लागतील, हे अशा सेवा सांगतात. मी घरखर्चाची वही लग्नापासून लिहीत आले आहे आणि घरबसल्या दोन छोट्या व्यावसायिकांचे हिशेबही सांभाळते. त्यामुळे वर्षभरानंतर त्या अहवालाचा आमच्या वहीशी ताळा घालून पाहणे ओघानेच आले. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नंतर त्याच साच्याच्या आणखी तीन सेवा पाहिल्या आणि चारही जणी एकाच ठिकाणी चुकतात असे दिसले.

अहवालाची मांडणी देखणी आहे, हे आधी मान्य करते. न्यूयॉर्कला १०० धरून पुण्याचा आणि नागपूरचा निर्देशांक काढलेला, त्याखाली वस्तूंचे दर दोन रकान्यांत, आणि शेवटी एक वाक्य : पुण्यात जितके पैसे लागतात त्याच्या तीन-चतुर्थांश पैशांत नागपुरात तसेच राहता येईल. हे वाक्य वाचून आम्ही दोघे खूश झालो होतो. दर कोणत्या वस्तूंचे आहेत हे मी तेव्हा नीट पाहिले नाही. नंतर पाहिले तर त्या यादीत कॅपुचिनो होती, वाइनची बाटली होती, २० सिगारेटचे पाकीट होते, परदेशी बनावटीची जीन्स होती, किलोभर चीज होते आणि शनिवार-रविवारी टेनिसचे मैदान तासाभरासाठी भाड्याने घेण्याचा दरही होता. तूरडाळ नव्हती. गॅस सिलिंडर नव्हता. धुण्याभांड्याच्या बाईंचा पगार नव्हता, शाळेच्या रिक्षाकाकांचे पैसे नव्हते, आणि तेल कोणते याचा तर प्रश्नच नव्हता. तांदूळ एका ओळीत उरकलेला होता : पांढरा, एक किलो.

एवढ्यावर सेवेला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. जगभरातील शेकडो शहरे एकाच फूटपट्टीने मोजायची तर फूटपट्टी कोणाच्याच घराच्या मापाची असणार नाही, आणि ज्याला बर्लिन सोडून सिंगापूरला जायचे आहे त्याला कदाचित टेनिसच्या मैदानाचा दर उपयोगी पडतही असेल. माझा आक्षेप यादीवर नाही. ही सेवा वस्तूंच्या दरांची तुलना करते आणि दोन्ही शहरांत आपण त्याच वस्तू विकत घेणार असे गृहीत धरते, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. प्रत्येक शहर आपल्याला काही गोष्टी सक्तीने विकत घ्यायला लावते आणि काही फुकट देते. पुण्यात आम्ही जे विकत घेत होतो ते नागपुरात घ्यावे लागले नाही, आणि पुण्यात जे फुकट होते त्याचे इथे बिल येऊ लागले.

सुरुवात घरभाड्यापासून करते. पुण्यात धायरीला दोन शयनगृहांच्या सदनिकेला आम्ही १९,००० रुपये देत होतो. नागपुरात प्रतापनगरला एका बंगल्याचा वरचा मजला १४,००० रुपयांना मिळाला. घरमालक खाली राहतात, गच्ची वापरता येते आणि खोल्या पुण्यातल्यापेक्षा मोठ्या आहेत. अहवालाने भाड्याचे दोन दर दिले होते, शहराच्या केंद्रातील घराचे आणि केंद्राबाहेरील घराचे. पुण्याचे केंद्र कोणते, या प्रश्नावर पेठेतला माणूस आणि बाणेरचा माणूस यांचे एकमत होणे मला तरी शक्य वाटत नाही. नागपुरात ही अडचण नाही, कारण तिथे झिरो माइलचा दगडच उभा आहे. पण त्या दगडाच्या आसपास विधानभवन आहे, कार्यालये आहेत, कस्तुरचंद पार्कचे मैदान आहे. भाड्याची घरे शोधायला तिकडे कोणी जात नाही. एकंदरीत भाड्यात नागपूर स्वस्त, ही गोष्ट अहवालाने बरोबर सांगितली, आणि ती सांगायला अहवालाची गरज नव्हती.

खरा फरक पाण्यात पडला. धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या ११ गावांपैकी एक. २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. गावे एका अधिसूचनेने शहरात येतात, जलवाहिन्या मात्र खोदून टाकाव्या लागतात आणि त्यांना वर्षे लागतात. खडकवासला धरण आमच्या घरापासून फार दूर नव्हते, सुट्टीच्या दिवशी लोक आमच्या रस्त्याने तिकडे कणीस खायला जात, आणि आमच्या सोसायटीत त्याच रस्त्याने टँकर येत. फेब्रुवारी ते जून आठवड्यातून चार-पाच फेऱ्या ठरलेल्या असत. मासिक देखभाल शुल्कात टँकरचा वाटा धरून आम्ही सरासरी ३,१०० रुपये भरत होतो. केंद्र सरकारच्या राहण्यायोग्य शहरांच्या निर्देशांकात पुणे २०१८ मध्ये देशात पहिले आले होते आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या यादीत दुसरे. पहिल्या क्रमांकाची बातमी आली तेव्हा आमच्या फाटकाशी टँकरचा पाइप जोडलेला होता. अर्थात त्या क्रमांकात काही खोटे होते असे मी म्हणत नाही. शहर म्हणून ज्याची मोजणी होते ते आणि आपण ज्या गल्लीत राहतो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढेच.

नागपूरला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. आमच्या घराला मीटर आहे, त्याचे महिन्याकाठी साधारण ३०० रुपये होतात. टँकर मी इथे आमच्या गल्लीत अजून पाहिलेला नाही. तुलनेच्या अहवालात पाणी हे वीज, वातानुकूलन आणि कचरा यांच्यासह एकाच ओळीत येते, तेही ८५ चौरस मीटरच्या घरासाठी, आणि दोन्ही शहरांचा आकडा जवळपास सारखा दाखवलेला. बेरीज दोन्हीकडे फुगते हे एका अर्थी खरेही आहे. पुण्यात ती पाण्याने फुगते, नागपुरात विजेने.

आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे येते, कारण या शहराचा खर्च समजून घ्यायचा असेल तर निम्मे उत्तर तिथे आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, नागपूर तीनशेच्या थोडे वर. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकला की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर बातमी येते. नागपुरात मे महिन्यात ४३-४४ अंश ही रोजची गोष्ट असते आणि २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की मेच्या शेवटी नवतपा लागतो, आणि ते नऊ दिवस इथली माणसे परीक्षेसारखे मोजतात. पुण्यात आमच्या घरी वातानुकूलन यंत्र नव्हते. छताचे पंखे होते, ते रात्री तीन वाजता उठून मंद करावे लागत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घरमालकांनी जिन्यातून हाक मारून विचारले, "ताट्या बदलल्या का तुम्ही?" मला प्रश्नच समजला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माणूस पाठवला. त्याने खिडकीबाहेरच्या कूलरच्या तिन्ही बाजू उघडल्या, मागच्या वर्षीचे काळे पडलेले, क्षारांनी कडक झालेले गवत पोत्यात भरले, टाकीच्या तळाचा गाळ खरवडला, पंप पाण्यात धरून तो ओढतो का ते पाहिले आणि मग वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून वरून बादलीभर पाणी ओतले. पंखा सुरू झाल्यावर खोलीत जो वास पसरला त्याला माझ्या वहीत रकाना नाही. कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येते तेव्हा पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते, म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर जीव तोडून काम करतो. आणि मृगाचा पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता ओला वारा सोडू लागतो, अंग चिकट होते आणि माणसे वातानुकूलन यंत्राकडे वळतात. म्हणजे एका उन्हाळ्याला दोन यंत्रे लागतात. आम्ही कूलर ९,५०० रुपयांना घेतला आणि मुलीच्या खोलीसाठी वातानुकूलन यंत्र ३६,००० रुपयांना. सात वर्षांवर विभागले तर दरमहा साधारण ५४० रुपये.

विजेचा दर पुण्यात आणि नागपुरात वेगळा नाही. दोन्हीकडे वीजपुरवठा महावितरणचा आणि घरगुती दरपत्रक एकच. पण हे दरपत्रक टप्प्यांचे आहे : पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त. पुण्यात आम्ही वर्षभर १३० युनिटच्या आसपास असायचो, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात नुसता पाय बुडवून. नागपुरात मेमध्ये आम्ही ४३५ युनिट जाळले आणि बिल ५,९५० रुपये आले. युनिट साधारण सव्वातीन पट, बिल पाच पट. पुण्याचे सरासरी बिल १,१५० रुपये, नागपूरचे वर्षाच्या सरासरीने २,३००. अहवालात विजेची सरासरीच असते, आणि सरासरी दिसायला सौम्य असते. ती एप्रिल, मे आणि जूनमध्ये सलग तीन धडाक्यांत भरावी लागते हे तिथे दिसत नाही. नोव्हेंबरचे आमचे बिल पुण्यापेक्षाही कमी आहे, पण नोव्हेंबरच्या बिलाने मेमध्ये काही दिलासा मिळत नाही.

उन्हाळा पैशांखेरीज वेळही घेतो. दुपारी अकरा ते पाच रस्ते ओस पडतात, भाजी आणि बँकेची कामे सकाळी दहाच्या आत उरकावी लागतात, मुलीचे खेळणे संध्याकाळी सातनंतर सुरू होते. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पुण्यातल्या तिच्या मैत्रिणी नव्या वर्गात जाऊन बसलेल्या असतात तेव्हा ही अजून गच्चीवर पाणी मारत असते. हे नमूद करायचे कारण असे की वेळेच्या बाबतीत मी पुढे नागपूरची स्तुती करणार आहे, आणि वर्षातले दोन-अडीच महिने ती स्तुती लागू नसते.

पुण्यात पतींचे कार्यालय कॅम्पात होते, धायरीपासून १४ किलोमीटरवर. सिंहगड रस्त्यावरचा उड्डाणपूल आम्ही पुणे सोडल्यावर झाला. आमच्या काळात जायला तासाहून अधिक आणि यायला त्याहून जास्त लागे. हा काही आमचाच अनुभव नव्हता. टॉमटॉम या दिशादर्शन कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातील सर्वात संथ शहरांमध्ये चौथे होते, दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे. नागपुरात त्यांचे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. ते सुभाषनगरहून मेट्रोत बसतात, सीताबर्डीला गाडी बदलतात आणि पुढे कस्तुरचंद पार्कला उतरतात. दुचाकीने गेले तर वीस मिनिटांत पोहोचतात. दिवसाला दीड तास वाचतो, महिन्याला छत्तीस तास होतात. पेट्रोलचा फरक वहीत आहे, २,६०० रुपयांवरून १,५०० वर. छत्तीस तासांची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे मला ठरवता आलेले नाही, आणि अहवालात मात्र मेट्रोच्या मासिक पासाची किंमत तेवढी दिलेली आहे. दोन्ही शहरांतील मेट्रो एकाच महामेट्रोच्या, नागपूरची मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, पुण्याची मार्च २०२२ मध्ये. धायरीच्या माणसाला पुण्याच्या मेट्रोचा तेव्हा उपयोग शून्य होता.

रिक्षाच्या बाबतीत मात्र पुणे सरस. सप्टेंबर २०२२ पासून तिथे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ असा मीटर होता, आणि मीटर टाकायला सांगितले की बहुतेक वेळा तो पडायचा. नागपुरात रिक्षात बसण्याआधी भाव ठरवावा लागतो. मला घासाघीस जमत नाही. पहिले सहा महिने मी बर्डीहून, म्हणजे सीताबर्डीहून, घरी यायला किती रुपये जास्त दिले याचा हिशेब वहीत लिहिला आहे, पण तो इथे लिहिणार नाही.

खाण्यापिण्याचा खर्च पुण्यात महिना १४,५०० होता, नागपुरात १३,४०० झाला. आकडे जवळजवळ आहेत म्हणून कोणी असे समजू नये की आम्ही तेच खातो. पहिल्या आठवड्यात गोकुळपेठेच्या बाजारात मी कोथिंबीर मागितली तेव्हा भाजीवालीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सांबार पाहिजे का जी?" इडलीबरोबरचे सांबार या भाजीबाजारात कसे, असा विचार करत मी "नको" म्हणून पुढे निघाले, तर तिने जुडी उचलून माझ्यासमोर धरली. "हा सांबार, बाई. घ्या न." तेव्हापासून घरात सांबारवडी होते, आणि हिवाळ्यात तिच्यासाठी ढिगाने लागणारा सांबार इथे इतका स्वस्त असतो की पुण्यात तेवढ्या कोथिंबिरीची वडी करण्याआधी मी दोनदा विचार केला असता. तांदूळही बदलला. पुण्यात मावळातला इंद्रायणी आणायचो, मऊ, चिकट, वरणभाताला उत्तम. इथे एचएमटी, चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड नावाच्या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या वर्षानुवर्षे निवडून हे वाण तयार केले आणि त्याला मनगटी घड्याळाचे नाव पडले. शिते सुटी होतात, आणि मुलीने पहिले तीन महिने "आपला भात कधी?" असे विचारले. संत्र्यांबद्दल वेगळे काय सांगायचे! नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहराची संत्री पिशव्या भरून येतात, शेजारी देतात, घरमालक देतात. मे महिन्यात मात्र पालेभाज्या महाग आणि म्लान असतात, त्या महिन्यांत मंडईची आठवण येते.

बाहेर खाण्याबद्दल अहवालात दोघांचे तीन टप्प्यांचे जेवण, मध्यम दर्जाच्या उपाहारगृहात, असा दर होता. आम्ही अशा पद्धतीचे जेवण पुण्यातही कधी घेतले नाही. रविवारी सकाळी तर्री पोहे खायचे, यात टप्पे दोनच असतात : पोहे आणि वरून तर्री. सावजी रस्सा मी एकदा खाल्ला, पतींनी अनेकदा. तिखटाला कसली तुलना आणि कसला निर्देशांक?

घरकामाच्या बाईंचा पगार पुण्यात २,४०० होता, इथे १,८००. हा फरक वहीत आमच्या बाजूने दिसतो. पण तो दाखवताना मला संकोच वाटतो, कारण एका घराची बचत म्हणजे दुसऱ्या घराची कमी कमाई, आणि स्वस्त शहर म्हणजे पुष्कळदा कमी मजुरीचे शहर. त्याच कारणाने अहवालातले "तीन-चतुर्थांश पैशांत तसेच राहता येईल" हे वाक्य अपुरे आहे. त्यात पगार तोच राहील असे धरलेले आहे.

आमचा पगार तोच राहिला नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग करते. देशातील आठ मोठी शहरे एक्स वर्गात आहेत, त्यात पुणे आहे. नागपूर वाय वर्गात. बदली झाली तेव्हा हे दर मूळ वेतनाच्या २७ आणि १८ टक्के होते, जानेवारी २०२४ पासून ३० आणि २० टक्के झाले. म्हणजे सरकारच्या लेखी नागपुरात राहण्याचा भत्ता पुण्याच्या दोन-तृतीयांश पुरतो. हे वर्ग कशावरून ठरतात हे पाहिले तर गंमत वाटते : घरभाड्यावरून नव्हे, लोकसंख्येवरून. ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाखांपर्यंत वाय. २०११ च्या जनगणनेत पुण्याच्या नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाखांच्या जेमतेम वर गेली म्हणून पुणे वर सरकले. औद्योगिक कामगारांसाठी जो ग्राहक किंमत निर्देशांक निघतो त्यात पुणे आणि नागपूर दोन्ही केंद्रे आहेत, पण तो प्रत्येक शहरातील महागाई त्याच शहराच्या जुन्या वर्षाशी ताडून पाहतो. पुण्याचा आकडा नागपूरपेक्षा मोठा दिसला म्हणून पुणे तेवढे महाग असा त्याचा अर्थ होत नाही. काही संकेतस्थळे तो तसा लावतात, ते चुकीचे आहे. थोडक्यात सरकारी फूटपट्ट्या वेगळ्या कामासाठी आहेत आणि खासगी फूटपट्टी टेनिसच्या मैदानावर आहे.

आणखी एक खर्च असा आहे की तो कोणत्याच फूटपट्टीत नाही, आणि आमच्या वहीत मात्र वीजबिलाच्याही वर आहे. माझे आईवडील पुण्यात, सासूबाई साताऱ्याला. वर्षातून चार फेऱ्या झाल्या : गणपती, दिवाळी, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि एक लग्न. रेल्वेचे आरक्षण दिवाळीत मिळाले नाही, तेव्हा खासगी बसने तिघांचे जे पैसे मोजले ते मी लाल शाईने लिहिले आहेत. वर्षाचे सगळे धरून ३८,०००, म्हणजे महिना ३,१५० च्या वर. ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्थानकातून पुण्याला वंदे भारत सुरू झाली आहे, सकाळी निघून रात्री पोहोचते, साधारण बारा तास. तिने सोय झाली, पण तिकिटाने खर्च कमी झालेला नाही. ज्याचे माहेर आणि सासर दोन्ही विदर्भात आहे त्याच्यासाठी हाच रकाना उलटा चालेल आणि त्याला पुणे महाग पडेल. त्याच दोन शहरांची तुलना दोन कुटुंबांसाठी दोन निकाल देते, ती इथे.

आता बेरीज. भाडे, देखभाल किंवा पाणी, वीज, पेट्रोल, खाणेपिणे, घरकाम आणि नागपूरच्या बाजूला प्रवास, एवढे धरून पुण्याचे महिना ४२,७५० होतात आणि नागपूरचे ३६,४५०. शाळेची फी दोन्हीकडे जवळपास तीच असल्याने सोडून दिली आहे. कूलर आणि वातानुकूलन यंत्राचा मासिक वाटा घातला की फरक पावणेसहा हजारांपर्यंत खाली येतो. घरभाडे भत्त्यात आमचे दरमहा साडेपाच हजारांच्या आसपास कमी झाले. अहवालाने सांगितलेली पंचवीस टक्क्यांची बचत आमच्या हातात दोन-अडीचशे रुपयांची उरली.

जीवनमानाच्या गुणवत्तेला अहवालात वेगळे पान होते, प्रदूषण, सुरक्षितता, आरोग्यसेवा आणि हवामान यांना गुण दिलेले. हवामानाचे गुण वर्षभराच्या सरासरीवर काढलेले असावेत. पूर त्यात कुठेच नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने घरे वाहून नेली आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. नागपुरात आम्ही येऊन चार महिने होत नाहीत तोच २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. आमचे घर उंचावर असल्याने वाचले. भाड्याचे घर पाहताना ओढा कुठून जातो हे विचारावे, असे मी आता कोणालाही सांगते. अशी सेवा ही माहिती देऊ लागली तर मी ४९९ ऐवजी ९९९ रुपये देईन.

नाटकांची उणीव मला जाणवते. पुण्यात बालगंधर्वला किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाला महिन्याला एक तरी प्रयोग पाहणे होत असे. इथे वसंतराव देशपांडे सभागृहात मुंबई-पुण्याची नाटके येतात, पण वाट पाहावी लागते आणि आली की दोनच दिवस असतात. त्याच्या बदल्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी-पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, पाहिली, आणि मुलीने तान्हा पोळ्याला शेजारच्या मुलांबरोबर लाकडी बैल सजवला. दुकानात पहिले वाक्य हिंदीत येते, त्याला सवय लागायला वर्ष गेले. मी मराठीत उत्तर दिले की समोरचा लगेच मराठीत येतो, आणि ती मराठी माझ्यापेक्षा मोकळी असते.

या सेवेला मी पाचपैकी दोन तारे देते. एक भाड्याच्या अंदाजासाठी, तो ढोबळमानाने बरोबर होता, दुसरा मांडणीसाठी. ज्याला एकट्याने, सुटसुटीत बिऱ्हाड घेऊन, तोच पगार घेऊन जायचे आहे त्याला मोफत आवृत्ती पुरेल. कुटुंब घेऊन जाणाऱ्याने हे पैसे वाचवावे, त्या शहरातल्या एखाद्या ओळखीच्या घरातून मे आणि नोव्हेंबर अशी दोन महिन्यांची वीजबिले मागवावी, पाणी कुठून आणि किती वाजता येते ते विचारावे आणि दिवाळीच्या आठवड्यातले परतीचे तिकीट पाहून घ्यावे. विक्रीपश्चात सेवेबद्दल सांगायचे तर मी त्यांना पाण्याचा रकाना वेगळा करण्याबद्दल दोनदा लिहिले. दोन्ही वेळा आभाराचे एकच छापील उत्तर आले.

यंदा मार्चमध्ये अहवाल २९९ रुपयांत अद्ययावत करून देण्याची सूचना आली. त्याच आठवड्यात ताट्यांवाला येऊन गेला होता, ६५० रुपये घेऊन. वहीत त्या आठवड्याखाली ती एकच नोंद आहे.